कातळातली अर्थिंग

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी काळी माती खोल आहे. उत्तरेला अक्राणीकडे सातपुडा चढू लागलो, की जागोजागी पहार हातभर जाण्याआधीच कातळावर आदळते. सौरसंच दोन्हीकडे बसवता येतो. अर्थिंग मात्र दोन्हीकडे सारखी होत नाही. असे का, हे समजायला थोडे मागे जाऊ.

1838 साली जर्मनीत श्टाइनहाइल यांनी दाखवले, की तारायंत्राला परतीची तार लागत नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की भागते. मग जमीन उत्तम वाहक म्हणायची का? तसे नाही. वीज वाहते ती मुख्यतः मातीतल्या ओलाव्यातून, त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. जमिनीची रोधकता मोजण्याची सोपी रीत फ्रँक वेन्नर यांनी 1915 मध्ये मांडली. एका रेषेत, समान अंतरावर चार सळ्या ठोकायच्या; बाहेरच्या दोन सळ्यांतून विद्युतधारा सोडायची आणि आतल्या दोहोंमधले विभवांतर मोजायचे.

आता गणित करू. 3 मीटर लांब, 16 मिलिमीटर जाडीची सळई 30 ओम-मीटर रोधकतेच्या ओल्या मातीत पुरली, तर रोध सुमारे 10 ओम येतो. रोधकता 1000 ओम-मीटर असेल, तर तो 330 ओमच्या पुढे जातो. समजा, 230 व्होल्टची तार सुटून इन्व्हर्टरच्या लोखंडी पेटीला टेकली. फक्त सळईचाच रोध धरला, तर पहिल्या ठिकाणी 23 अँपिअर धारा जमिनीत जाईल आणि घरगुती फ्यूज वितळेल. दुसऱ्या ठिकाणी 1 अँपिअरही जाणार नाही. फ्यूज शाबूत, पेटीत वीज. हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

जुना उपाय मीठ-कोळशाचा. पण मीठ पावसात वाहून जाते आणि सळईही गंजवते. 1942 मध्ये अमेरिकेतल्या कोरड्या ॲरिझोनात हर्बर्ट युफर यांनी पायाच्या काँक्रीटमधल्या सळ्याच अर्थिंगसाठी वापरल्या. काँक्रीट ओल धरून ठेवते. म्हणून वर्षानुवर्षे मोजूनही रोध 5 ओमच्या आत राहिला. सौरपट्ट्यांच्या खांबांनाही काँक्रीटचा पाया असतोच. शिवाय खोल जाता येत नसेल, तर लांब चर खणून पट्टी आडवी पुरता येते आणि तिच्याभोवती बेंटोनाइट भरता येते.

बेंटोनाइट म्हणजे पाणी शोषून फुगणारी चिकणमाती. तिच्यातले मुख्य खनिज, माँटमोरिलोनाइट, आपल्या काळ्या मातीतही असते. ही काळी माती बेसाल्ट झिजूनच झाली. म्हणजे कातळावरचा उतारा कातळानेच तयार केला आहे!

एक लक्षात ठेवू: अर्थिंग श्रावणात नव्हे, वैशाखात मोजावी. जमीन तेव्हाच खरे उत्तर देते.