ज्युलिइडी

ज्युलिइडी हे उदरपाद वर्गाच्या सॅकोग्लॉसा गटातील सागरी मृदुकाय प्राण्यांचे कुल आहे. या लहान गोगलगायींना शिंपल्यासारखी दोन शकले असतात. त्यामुळे जीवाश्म व रिकाम्या कवचांवरून त्यांची गणना दीर्घकाळ शिंपल्यांतच होत राहिली. १९५९ मध्ये जपानमधील कावागुटी व बाबा यांनी टामानोव्हाल्वा लायमॅक्स या जिवंत प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा गैरसमज दूर झाला.

ओळख

हे प्राणी उष्ण समुद्रांच्या उथळ पाण्यात कॉलर्पा या हिरव्या शैवालावर राहतात व त्याचा रस शोषतात. लांबी सहसा काही मिलिमीटर आणि रंग शैवालासारखाच हिरवा, त्यामुळे ते जागच्या जागी क्वचितच दिसतात; शैवाल समुद्राच्या पाण्याने भरलेल्या ताटलीत झटकून पाहणे अधिक उपयोगी पडते. जिवंत प्राण्याबाबत शंका उरत नाही: तो पायावर सरपटतो आणि त्याला डोके, डोळे व गुंडाळीसारखे स्पर्शक असतात. शिंपल्याला डोकेच नसते.

रिकाम्या कवचाचे काम अवघड आहे. डाव्या शकलाच्या टोकाशी डिंभावस्थेतील शंखाचा सूक्ष्म सर्पिल वेढा भिंगाखाली दिसतो. हीच खात्रीची खूण होय. उजव्या शकलावर तो नसतो, म्हणून सुटे उजवे शकल हमखास फसवते. ज्युलिया प्रजातीचे कवच जाड, तर बर्थेलिनियाचे पातळ व अर्धपारदर्शक असते.