काजऱ्याची बी आणि मज्जारज्जूचा लगाम

कोकणात आम्हाला काजऱ्याखाली खेळायची बंदी होती. नारिंगी गुळगुळीत फळ, आत चपट्या, बटणांसारख्या बिया. वैद्यांचा कुचला तो हाच. मी आठ-नऊ वर्षांचा असताना गावात मोकाट कुत्र्यांना याच बियांतलं विष, स्ट्रिक्निन, घातलं गेलं. कुणीतरी बादली आपटली आणि निपचित पडलेलं एक कुत्रं धनुष्यासारखं ताठ झालं. नुसत्या आवाजानं? मी कॉमर्सचा पदवीधर. उत्तर शोधलं ते जुन्या बाजारातल्या पुस्तकांत.

१८१८ साली पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी काजऱ्याच्या एका जातभाईच्या बियांतून स्ट्रिक्निन वेगळं केलं. पुढे ते 'उत्तेजक' म्हणून टॉनिकांत शिरलं. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला धावता धावता ब्रँडीसोबत तेच पाजलं होतं!

माझ्या मते चूक त्या शब्दातच होती. स्ट्रिक्निन कशालाही चेतवत नाही. ते लगाम काढून घेतं. १९५३मध्ये जॉन एक्लस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या विषानं मज्जारज्जूतला निरोध बंद पडतो. (चेतापेशींमधला संदेश विजेनंच जातो, असा हट्ट याच एक्लसनी वर्षानुवर्षं धरला होता; १९५१मध्ये स्वतःच्याच प्रयोगानं तो सोडावा लागला.) लगाम ओढणारा रेणू निघाला ग्लायसिन, सर्वांत साधं अमिनो आम्ल. ते ग्राहीवर बसलं, की पाच प्रथिनांच्या कड्यातली वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत राहते. स्ट्रिक्निन तिथेच ठाण मांडतं, पण वाट उघडत नाही. हात वाकवताना पुढचा स्नायू आखडला, की मागचा सैल पडावा लागतो. निरोध गेला, की दोन्ही एकदम आखडतात. त्याला आवाज पुरतो. शुद्ध मात्र शाबूत असते. त्या कुत्र्याला सगळं कळत होतं.

१९८२मध्ये जर्मनीत हाइन्रिख बेट्झ यांच्या गटानं उंदरांच्या मज्जारज्जूतून हा ग्राही वेगळा काढला, तोही स्ट्रिक्निनच्याच एका रूपाचा गळ लावून. १९९३मध्ये याच ग्राहीच्या जनुकातला दोष सापडला. असा दोष असलेली बाळं विषाशिवायच जरा आवाज झाला की ताठ होतात, कधी श्वासही अडतो. तेव्हा डोकं आणि पाय पोटाकडे दुमडून धरले, की अंग सैल पडतं.