दिलेला कोट

निवृत्त खेळाडूंच्या दारी जाऊन स्वाक्षऱ्या, बॅटी, पदके गोळा करणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे किंचित हसूनच पाहिले जाते. आम्हीही हसत आलो. परंतु १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकहून परतलेल्या दोघा भारतीयांच्या ठेव्याची कथा वाचली आणि ते हसू ओसरले.

पहिले हॉकीपटू बलबीरसिंग (थोरले). नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातील भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन सुवर्णपदके. शेवटच्या खेपेस ते कर्णधार. नियोजित क्रीडासंग्रहालयासाठी १९८५ साली त्यांनी मेलबर्नचा आपला कर्णधाराचा कोट, ३६ पदके आणि शंभरावर छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केली. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने सोळा थोर ऑलिंपिकपटूंत त्यांची निवड झाली. तिथल्या प्रदर्शनासाठी हा ठेवा हवा होता. पण तो कुठे आहे, हे कोणाला सांगता येईना. माहितीच्या अधिकाराखालील अर्जांनीही काही निष्पन्न झाले नाही. २५ मे २०२० रोजी बलबीरसिंग निवर्तले, तोवर कोट परतला नव्हता.

दुसरे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कुस्तीतील त्यांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते घरीच राहिले, म्हणून वाचले. पण खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००१ साली. २०१७ साली तर, त्यांच्या नावाच्या कुस्ती अकादमीचे आश्वासन पाळले जात नाही म्हणून, पदक लिलावात काढण्याची भाषा कुटुंबीयांना करावी लागली.

एकाने विश्वासाने दिले, ते हरवले. दुसऱ्याच्या घरच्यांनी जपले, त्यांच्यावर विकण्याचा विचार करण्याची पाळी आली. ज्या २०१२ साली बलबीरसिंगांचा कोट सापडेना, त्याच वर्षी पुण्यात रोहन पाटे यांच्या खाजगी संग्रहातून क्रिकेटचे संग्रहालय उभे राहिले, हा योगायोग आम्हाला बोचतो. खाजगी संग्रहाला मालकाच्या हौसेची आणि ऐपतीची मर्यादा असते, हे आम्हाला मान्य आहे. राष्ट्राची स्मृती एखाद्याच्या हौसेवर सोडता येत नाही. तथापि खऱ्या संग्राहकाजवळ एक गुण हटकून असतो: कोणती वस्तू कोणाची, कोणत्या सामन्यातली, कोणी कधी दिली, हे तो लिहून ठेवतो. बॅटीवरच्या स्वाक्षरीला मोल येते ते या नोंदीमुळे. नोंद गेली की उरते ते नुसते लाकूड.

बलबीरसिंगांचा कोट कदाचित आजही कुठल्याशा कपाटात असेल. तो हाती लागला, तरी ओळखणार कोण? ज्याला खात्रीने ओळखता आला असता, तो माणूस आता नाही.