‘सुपर मारिओ ६४ डीएस’ : भर पडली, पण सुधारणा झाली का?

जुना गाजलेला खेळ नव्या यंत्रावर पुन्हा आणण्याची प्रथा व्हिडिओ गेमच्या व्यवसायात चांगलीच रुळली आहे. नव्या आवृत्तीत चित्रे अधिक रेखीव असतात, टप्पेही वाढवलेले असतात. तेवढ्याने खेळ सुधारतो का, हा प्रश्न मात्र उरतोच. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ ६४’ आणि त्याची २००४ मधील नवी आवृत्ती ‘सुपर मारिओ ६४ डीएस’ ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी जोडी आहे.

मूळ खेळ २३ जून १९९६ रोजी जपानमध्ये ‘निन्टेंडो ६४’ या यंत्राबरोबरच प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक शिगेरू मियामोतो. उड्या मारीत, अडथळे ओलांडीत पुढे जाण्याच्या खेळप्रकारास ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. आपल्याकडे टीव्हीला जोडून, कॅसेट लावून खेळला जाणारा मारिओ डावीकडून उजवीकडे धावत असे. या खेळात त्याला प्रथमच त्रिमितीय मैदान लाभले. राजकन्या पीचच्या किल्ल्यातील चित्रांत उडी घ्यायची, त्यांमागील जगांत शिरायचे आणि तारे मिळवायचे. असे एकूण १२० तारे त्यात होते.

२००४ च्या अखेरीस हा खेळ ‘निन्टेंडो डीएस’ या हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या यंत्रावर आला. ताऱ्यांची संख्या १५० झाली. मारिओच्या जोडीला योशी, लुईजी आणि वारिओ ही पात्रेही खेळाडूच्या हाती आली. खालच्या पडद्यावर नकाशा दिसू लागला. अनेक छोटे खेळ आणि चौघांनी मिळून खेळण्याची सोयही त्यात होती. कागदावर पाहता नवी आवृत्ती सर्वच बाबतींत वरचढ ठरते.

उणीव जाणवते ती अंगठ्याला. मूळ यंत्राच्या कंट्रोलरवर अ‍ॅनालॉग स्टिक, म्हणजे कोणत्याही दिशेला कमी-अधिक कलणारी छोटी दांडी होती. ती किंचित कलविली की मारिओ दबकत चाले, पूर्ण कलविली की धावे. झोपलेल्या मांसभक्षक रोपाजवळून त्याला जाग न आणता जायचे, तर हाच हळुवारपणा कामी येई. मारिओची प्रत्येक चाल या दांडीला अनुसरून रचलेली होती. डीएसवर अशी दांडीच नव्हती. तेथे आठ दिशांची कळ होती आणि धावण्यासाठी वेगळे बटण दाबून ठेवावे लागे. स्पर्शपडद्यावर बोट वा अंगठा फिरवून खेळण्याचा पर्याय होता. पण दांडीचा आधार त्याला नव्हता. अरुंद कड्यावरून वळताना हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

पुढे २०२० मध्ये कंपनीने ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ हा संच ‘स्विच’ या यंत्रासाठी काढला. त्यात १२० ताऱ्यांचा मूळ खेळच घेतला होता. डीएसची वाढीव सामग्री नव्हती.

तात्पर्य, डीएसची आवृत्ती आशयाने समृद्ध, तर मूळ खेळ हाताळणीत सरस. मूळ खेळ ज्याने पुरा केला आहे, त्याला नव्या ताऱ्यांसाठी डीएसची आवृत्ती जरूर खेळावीशी वाटेल. मारिओला प्रथमच भेटणाऱ्याने मात्र आरंभ मूळ खेळापासूनच करावा. प्लॅटफॉर्म गेमचा प्राण धावण्या-उडण्याच्या सहजतेत असतो आणि ती हरवली, तर वाढीव ३० तारे तिची भरपाई करू शकत नाहीत.