एक शिल्लक, दोन कारकून : सीरिअलायझेबिलिटीचा इतिहास

१/८
एका खात्यात १,००० रुपये शिल्लक आहेत. दोन खिडक्यांवरचे दोन कारकून एकाच क्षणी ती शिल्लक वाचतात. पहिला ६०० रुपये देऊन ४०० ची नोंद करतो; दुसरा ५०० देऊन त्या नोंदीवरच ५०० लिहितो. हजारांच्या खात्यातून अकराशे गेले, तरी वहीत पाचशे उरले! दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बिनचूक होता.

२/८
कामे एकामागून एक झाली असती, तर दुसऱ्याला ४०० दिसले असते आणि त्याने नकार दिला असता. पण साऱ्यांना रांगेत उभे केले, तर संगणकाचा वेग वाया जातो. व्यवहार एकत्र चालावेत, परंतु निष्पत्ती कोणत्या तरी एका रांगेतून आल्यासारखीच असावी, या अटीला ‘सीरिअलायझेबिलिटी’ म्हणतात.

३/८
कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प चालू होता. तेथील कपाली ईश्वरन, जिम ग्रे, रेमंड लॉरी आणि आयर्विंग ट्रेगर यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये या पेचावर एक निबंध प्रसिद्ध केला.

४/८
त्यांचा नियम साधा होता. नोंद हाताळण्यापूर्वी तिला कुलूप लावावे. आणि एकदा एक कुलूप सोडले, की त्या व्यवहाराने नवे कुलूप घेऊ नये. हेच ‘टू-फेज लॉकिंग’. सर्वांनी हा नियम पाळल्यास निष्पत्ती रांगेसारखीच येते, हे त्यांनी सिद्ध केले.

५/८
याच निबंधाने एक भूतही दाखवून दिले. असलेल्या नोंदींना कुलूप लावता येते. जी नोंद अजून जन्मलीच नाही, तिला कसे लावणार? मोजणी चालू असताना मध्येच उगवणाऱ्या अशा नोंदीस ‘फँटम’ हे नाव मिळाले.

६/८
१९७९ मध्ये ख्रिस्टोस पापाडिमिट्रिऊ यांनी दाखवले, की एखादा घडलेला क्रम रांगेशी समतुल्य आहे का, हे तपासणे सर्वसाधारणपणे ‘एनपी-कम्प्लीट’ आहे. म्हणूनच घडल्यावर तपासण्यापेक्षा आधीच शिस्त लावणे व्यवहार्य ठरले.

७/८
कुलपांमुळे ताटकळणे आले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यवहाराला आरंभीच्या क्षणाचे जणू छायाचित्र देण्याची पद्धत रूढ झाली. १९९५ च्या एका निबंधाने (लेखकांत ग्रेही होते) तिची उणीव उघड केली. पाळीवर दोन डॉक्टर आहेत. ‘दुसरा आहेच’ असे पाहून दोघेही एकाच वेळी सुटी घेतात. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी बदलल्याने संघर्ष दिसत नाही, आणि रुग्णालयात कोणीच उरत नाही.

८/८
पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये ‘सीरिअलायझेबल’ या नावाखाली अनेक वर्षे हेच छायाचित्र मिळत होते. २००८ मध्ये मायकेल केहिल, उवे रोम आणि ॲलन फेकेटे यांनी धोकादायक गुंतागुंत ओळखून एक व्यवहार रद्द करण्याची युक्ती मांडली. २०११ च्या ९.१ या आवृत्तीत ती उतरली आणि नावातले वचन खरे झाले. मात्र त्या आज्ञावलीतही ही पातळी आपोआप लागू होत नाही. ती मागून घ्यावी लागते. न मागणाऱ्याच्या वहीत ते दोन कारकून आजही शेजारी शेजारी बसू शकतात.