कवळाण्याचा मुलगा आणि वंशावळीचा पुरावा

सुरतेच्या दक्षिण अंगास बमरोली हे एक खेडे होते. आज ते शहरात मिसळून गेले असून यंत्रमागांचा खडखडाट तेथे अखंड चालू असतो. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य कुटुंबे शहराच्या या बाजूस स्थायिक झाली. त्यांच्या घरांत अजून अहिराणीचा गोडवा टिकून आहे. परंतु तेथल्या एखाद्या मुलास पणजोबांचे नाव विचारावे, तर तो आजीकडे पाहतो. आणि आजी गेली म्हणजे ते नावही जाते.

पूर्वजांचा शोध हा केवळ हौसेचा विषय नव्हे. वडिलोपार्जित जमिनीचा वाटा असो, वा जातीचा दाखला, अधिकारी पुरावा मागतो. तेथे केवळ ऐकीव गोष्ट उपयोगी पडत नाही. वंशावळीवर एका मुलाचे, आणि त्याच्याबरोबर एका राज्याचेही भवितव्य कसे अवलंबून होते, हे पाहावयाचे असेल तर याच वाटेवरील सोनगड किल्ल्याकडे वळले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील दावडीच्या गायकवाडांपैकी पिलाजीराव यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सोनगड हे आपले ठाणे केले आणि तेथून गुजरातेत अंमल बसविला. 1732 साली डाकोर येथे त्यांची हत्या झाली. पुढे त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या वंशाकडे बडोद्याची गादी राहिली. दुसरे पुत्र प्रतापराव यांची शाखा मात्र वैभवापासून दूर पडली आणि मालेगावजवळील कवळाणे या गावी शेतीवाडीत रमली.

1870 साली खंडेराव महाराज निवर्तले. त्यांचे बंधू मल्हारराव यांस ब्रिटिश सरकारने 1875 च्या एप्रिलमध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. परंतु मुलगा गायकवाडांच्याच वंशातील असणे आवश्यक होते. पिलाजीरावांच्या मृत्यूस तेव्हा 143 वर्षे लोटली होती. इतक्या काळानंतर कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे राजघराण्याशी असलेले नाते मान्य व्हावयाचे होते. ते मान्य झाले आणि 27 मे 1875 रोजी काशीरावांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव दत्तक गेला. तेच पुढे महाराज सयाजीराव झाले.

राजघराण्याच्या शाखांची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात. सामान्य कुटुंबाने काय करावे? त्याचीही नोंद झालेली असते. मात्र ती कोठे शोधावी हे कळले पाहिजे. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत आजोबा सापडतात. जमिनीच्या फेरफाराच्या नोंदीत मृत खातेदारापुढे त्याच्या वारसांची नावे येतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानाचे नाव, गाव आणि भाऊबंद यांची नोंद आढळते. इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करण्यासाठी वतनदारांनी दिलेल्या कैफियती व वंशावळी पुण्याच्या पेशवे दप्तरात जतन झाल्या आहेत. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबास चर्चमधील बाप्तिस्म्याची व विवाहाची पुस्तके साहाय्य करतात.

यांतील जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. ती शिकून घ्यावी, अथवा जाणत्याचे साहाय्य घ्यावे. दुसरी अडचण सीमांची होय. सयाजीरावांचा जन्म 1863 सालचा. तेव्हा मालेगाव खानदेशात मोडत असे. नाशिक जिल्हा 1869 साली झाला. खानदेशाचे दोन भाग 1906 साली पडले आणि नंदुरबार तर 1998 साली धुळ्यापासून वेगळे झाले. म्हणून गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे यापेक्षा त्या वर्षी ते कोणत्या कचेरीखाली होते, हा प्रश्न आधी विचारावा.

नामसादृश्यास भुलणे ही सर्वांत मोठी चूक. एकाच गावी, एकाच आडनावाचे दोन रामजी असू शकतात. पित्याचे नाव, शेताचा क्रमांक आणि काळ या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज आपला रामजी कोणता हे ठरवू नये. थोर पुरुषाशी नाते जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. शिवाय बहुतेक वंशावळींत केवळ पुरुषांचीच नावे असतात. मुली व सुना यांची नावे आजीच्या तोंडूनच मिळावयाची. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात मातेचे नाव असते, हे त्याचे एक मोठे मोल होय.

दत्तक आले तेव्हा गोपाळरावांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच मुलाने राजा झाल्यावर 1906 साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई हे त्यांच्याच पदरी 1889 पासून 1925 पर्यंत होते. पुढे त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. खंडांत सरदारांची पत्रे आली, आणि शाळांच्या पटावर शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलांची नावे चढली. ज्याच्या घरात एकही सनद नाही, अशा माणसाचा वंश पुष्कळदा या पटावरील एका ओळीने सिद्ध होतो.

बमरोलीतील मुलाने प्रथम आजीजवळ बसावे. ती सांगेल ते नाव, गाव आणि नाते वहीत लिहून त्यावर तारीख घालावी. मग सुट्टीत गावी जाऊन शाळा, चावडी आणि तहसील कचेरी यांतील कागदांशी ते ताडून पाहावे. कागद उद्याही कपाटात राहील. आजीची आठवण मात्र आजच लिहून घेतली पाहिजे.