शेतमालाचे लिलाव, बीड जिल्ह्यातील

बीड जिल्ह्यातील पेठांमध्ये धान्य, कडधान्ये, गळिताची धान्ये व कापूस यांची चढत्या बोलीने जी विक्री होते, तिला व्यवहारात 'सौदा' किंवा 'बीट' असे म्हणतात. बीड, परळी-वैजनाथ, माजलगाव, अंबेजोगाई, गेवराई, केज आणि आष्टी तालुक्यातील कडा ही या व्यवहाराची प्रमुख केंद्रे होत. गोदाकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस माजलगाव, गेवराई व परळी या बाजूंस येई, तर बालाघाटाच्या हलक्या जमिनीतील बाजरी, ज्वारी व कडधान्ये बीड, पाटोदा व आष्टी या भागांतील बाजारांत येत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनने यांपैकी बऱ्याच पिकांची जागा घेतली आहे.

लिलाव हा विक्रीचा प्रकार अतिप्राचीन आहे. चित्रे, नाणी, टपाल तिकिटे किंवा पाश्चात्त्य देशांत जुन्या चित्रकथांचे अंक विकणाऱ्या लिलावगृहांत वस्तू दुर्मिळ असते आणि मालकाने किमान किंमत आधी ठरवून दिलेली असते. तेवढी बोली न आल्यास वस्तू परत जाते. शेतमालाच्या बाजारात हा परत नेण्याचा हक्क कागदोपत्री असला, तरी दहाबारा कोस गाडी हाकून आलेल्या शेतकऱ्याला तो बजावणे अवघड असते. गाडीभाडे दुप्पट पडते, सारा व देणी थकलेली असतात आणि दुसऱ्या बाजारातही भाव चढा मिळेल याची शाश्वती नसते. लिलावाच्या नियमांचा या जिल्ह्यातील सर्व इतिहास या विषमतेभोवती फिरतो.

निजामी राजवटीत बीड हा हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा होता व अंबेजोगाईस मोमिनाबाद हे नाव होते. त्या काळी भाव ठरविण्याची रूढ रीत 'हत्ता' ही होती. अडत्या आपल्या हातावर उपरणे किंवा रुमाल टाकी आणि व्यापारी एकामागून एक पुढे येऊन त्या वस्त्राखाली त्याची बोटे दाबून आपला भाव सांगत. किती बोटे धरली व ती कितीदा दाबली यांवरून आकडा समजे. सर्वांचे हात लागून झाले की अडत्या त्यांतील सर्वांत चढा भाव जाहीर करी. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा असे. परंतु त्याला बोलींपैकी एकही कळत नसे. अडत्याने खरोखरच चढा भाव सांगितला की मर्जीतल्या गिऱ्हाइकाचा सांगितला, हे पडताळून पाहण्यास साधन नव्हते. जनावरांच्या बाजारांत दलाल हीच रीत वापरीत. मोघम विक्री हा याहून वाईट प्रकार होय. तीत माल आधी मोजून द्यावयाचा आणि भाव मागाहून, पेठेत जो निघेल तो, व्यापाऱ्याने लावावयाचा असे.

हत्ता पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे व ती रास्त आहे. तथापि तिचा एक गुणही नमूद करावयास हवा. बंद लखोट्यातील निविदेप्रमाणे येथेही एका व्यापाऱ्याची बोली दुसऱ्यास कळत नसे; त्यामुळे आपसांत ठरवून भाव पाडणाऱ्यांस आपल्यापैकी कोणी शब्द मोडला काय, हे लगेच समजणे कठीण जाई. उघड लिलावात हा आडपडदा उरत नाही. दोष वस्त्राचा नव्हता. वस्त्राखालचा एकच हात सर्व आकडे जाणत होता, हा होता.

भाव ठरल्यानंतरही शेतकऱ्याच्या हाती तेवढी रक्कम पडत नसे. अडत, हमाली व तोलाई ही कामाची मजुरी म्हणता येईल. परंतु त्यांखेरीज मातेऱ्यापोटी कडता, रोख पैसे दिल्याबद्दल वटाव, आणि धर्मादाय, गोशाळा, पाणपोई अशा नावांनी निरनिराळ्या रकमा हिशेबपट्टीतून वजा होत. नमुना म्हणून घेतलेल्या ओंजळी परत येत नसत. पल्ला हे माप सामान्यतः १२० शेरांचे. पण शेर सर्वत्र सारखा नव्हता. त्यात नाण्यांचा घोळ होता. संस्थानात हाली सिक्का चाले आणि मुंबईकडील व्यापार कलदार रुपयांत होई. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार हे प्रमाण होते. म्हणजे कलदार शंभराचा माल हालीत साधारण ११६ रुपयांचा. कोणत्या नाण्यात बोली झाली, हे अडाणी विक्रेत्याला स्पष्ट सांगितले जाईच असे नाही.

या बाजारात सर्व खरेदीदारांचा दर्जा कधीच समान नव्हता. जिनिंगचे कारखानदार व मोठे आडतदार हे पतदार गिऱ्हाईक समजले जात. त्यांना मालाचे पैसे मुदतीने देण्याची सवलत असे. मुदतीपूर्वी दिल्यास वटाव मिळे, आणि घेतलेला माल अडत्याच्या वखारीत काही दिवस विनाभाडे ठेवता येई. लहान व्यापाऱ्याला मात्र रोख मोजावे लागे, आणि त्यामुळे चढी बोली करण्याची त्याची ऐपत मुळातच कमी पडे. मुदतीच्या या व्यवहारात अडत्याचे भांडवल गुंते. ते बुडू नये म्हणून अडत्या जुन्या गिऱ्हाइकाला धरून राही, आणि त्या गिऱ्हाइकास दुखविणारा भाव मागण्यास तो नाखूष असे. दुसऱ्या बाजूने शेतकरीही बांधलेला होता. पेरणीच्या वेळी बी-बियाण्यासाठी घेतलेली 'उचल' फेडण्याकरिता त्याला त्याच अडत्याच्या दुकानी माल घालावा लागे. (जिल्ह्यात हा शब्द आज ऊसतोडणी मजुरांनी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेसाठी अधिक परिचित आहे, बांधिलकीचे स्वरूप मात्र पुष्कळसे तेच.) तेव्हा लिलाव नावाला खुला असला, तरी विकणारा आणि घेणारा हे दोघेही बहुधा आधीच ठरलेले असत.

बाजारांचे नियमन शेजारच्या वऱ्हाडात लवकर सुरू झाले. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथील कापूसबाजार नियमनाखाली आला, व १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात कापूसबाजारांचा कायदा १९२७ मध्ये आला. पुढील वर्षी शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यापाठोपाठ हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० मध्ये, शेतमालाच्या बाजारांचा कायदा संमत केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी त्या भागापुरता हाच कायदा चालू राहिला. महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम १९६३ हा १९६७ पासून अंमलात येऊन राज्याच्या तिन्ही भागांतील जुने कायदे रद्द झाले.

या कायद्यानुसार बाजार समिती व्यापारी, अडत्या, तोलारी व हमाल यांना परवाने देते. भाव गुप्त खुणांनी न ठरविता उघड लिलावाने ठरविणे, ठरीव दरांखेरीज कोणतीही कपात न करणे आणि मालाचे पैसे शेतकऱ्यास विनाविलंब चुकते करणे, ही या नियमनाची मुख्य सूत्रे होत. प्रत्यक्षात लिलाव असा चालतो : माल दुकानासमोर ओतून ढीग लावले जातात, ठरलेल्या वेळी व्यापाऱ्यांचा समूह एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो, प्रत्येक जण मूठभर दाणे हातावर घेऊन ओल, माती व डागी दाणे पाहतो. बोली चढत जाऊन थांबली की तीन वार पुकारा होतो आणि सौदापट्टीवर घेणाऱ्याचे नाव व भाव लिहिला जातो. भाव पसंत नसल्यास शेतकरी नकार देऊ शकतो. सौदा पक्का झाल्यावर वजन होते. येथे जुना वाद पुन्हा उद्भवतो. ढिगाच्या किंवा गाडीच्या तळाशी हलका माल निघाला, असे सांगून व्यापारी ठरलेला भाव कमी करू पाहतो. कापसाच्या गाडीबाबत ही तक्रार विशेष आढळते, कारण गाडी रिकामी होईपर्यंत तळ दिसत नाही. अशा तक्रारींचा निवाडा बाजार समितीने करावयाचा असतो.

कापसाचा लिलाव मात्र मध्यंतरी सुमारे तीस वर्षे बंदच होता. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. प्रतवारी करावयाची व प्रतीनुसार हमी दर द्यावयाचा, अशी ती योजना असल्याने बोलीला वाव उरला नाही. बाहेर भाव चढला की कापूस राज्याच्या सीमेपलीकडे जाई आणि पडला की खरेदीकेंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत. चुकाऱ्याचे हप्ते लांबल्याच्या तक्रारीही सतत होत. २००२ च्या सुमारास हा एकाधिकार शिथिल होऊन खाजगी खरेदी पुन्हा सुरू झाली.

अडत कोणी द्यावयाची, हा प्रश्न सर्वांत दीर्घकाळ रेंगाळला. परंपरेने ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती खरेदीदाराकडून वसूल करण्याचा निर्णय अंमलात आणला व फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला. लंडनच्या ख्रिस्टीज व सदबीज या लिलावगृहांनी १९७५ मध्ये खरेदीदारावर अधिभार बसविला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. महाराष्ट्रातही व्यापारी व अडत्यांनी या निर्णयाविरुद्ध बाजार बंद ठेवले. अर्थशास्त्रदृष्ट्या खरेदीदार ही रक्कम बोलीतून आधीच वजा करू शकतो. म्हणून शेतकऱ्याचा लाभ पट्टीवर दिसतो तेवढा असेलच असे नाही. मात्र पट्टीतील एक कपात गेल्याने हिशेब तपासणे सोपे झाले आहे.

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कृषी बाजार ही संगणकीय लिलावाची योजना सुरू केली. तीत मालाचा नमुना तपासून त्याची प्रत नोंदविली जाते आणि व्यापारी आपली बोली यंत्रावर भरतो. लिलाव संपेपर्यंत ती इतरांस दिसत नाही. सर्व बोली शेवटी नोंदीत राहतात व विकणाऱ्यास त्या पाहता येतात.